कंबर ८ दिवसांत, क्लेम चौथ्या महिन्यात

तीन वर्षं कंबर धरूनच उठायचो. एमआरआयमध्ये मणक्यातली चकती फुगलेली दिसली. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, तेव्हा आयुर्वेदिक रुग्णालयात ८ दिवस ॲडमिट झालो. कटिबस्ती म्हणजे कंबरेवर उडदाच्या पिठाचं आळं, त्यात कोमट तेल आणि आपण पाऊण तास पालथे. पहिल्याच दिवशी आळं फुटलं, तेलाची धार बरगडीवरून थेट चादरीत. मावशींनी ओल्या बोटाने पीठ चेपलं आणि दटावलं, "खोकू नका." शिवाय रोज नुसती बस्ती, म्हणजे औषधी एनिमा, तेलाची जेवणानंतर, काढ्याची उपाशीपोटी. आठव्या दिवशी मोजे माझे मी घातले.

आता क्लेम. १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीसारख्या उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवावं, असं आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने बजावलंय. त्या भरवशावर मी निर्धास्त. दहाव्या दिवशी पत्र आलं, ‘सदर उपचार बाह्यरुग्ण म्हणून शक्य होते.’ फोन केला. तिकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "सर, मसाजच होता ना?"

मसाज! तिरीमिरीत डिस्चार्ज कार्ड काढलं, तर त्यावर ‘स्नेहन, स्वेदन, बस्ती’, म्हणजे तेल लावणं, शेक आणि बस्ती, एवढंच. ॲडमिट का केलं याचा एक शब्द नाही. वैद्यांकडे गेलो तर ते ओपीडीत. पुन्हा गेलो तर रजेवर. तिसऱ्या खेपेला पत्र हाती पडलं की पायात कळ जाते, रोजचा प्रवास झेपणार नाही, बस्तीनंतर देखरेख हवी. ते पाठवलं तर म्हणे नर्सिंग चार्ट द्या. तोही दिला, तर मूळ बिल द्या, जे पहिल्याच दिवशी दिलं होतं! पोच घेतली होती म्हणून वाचलो.

तेव्हा ॲडमिट होण्याआधीच कंपनीची लेखी मंजुरी घ्या आणि भरतीचं कारण केसपेपरवर लिहून घ्या. मी दोन्ही केलं नाही.

हो, एक राहिलंच. पाय बधिर पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल तर बस्ती-बिस्ती नंतर, आधी तडक मोठं हॉस्पिटल गाठा. आणि बस्ती जितके दिवस, त्याच्या दुप्पट पथ्य. मला १६ दिवस दुचाकी बंद होती. ते पथ्य मी या कागदांपायी स्कूटरवरून हिंडून मोडलं.

पैसे चौथ्या महिन्यात आले. कपातीच्या यादीत पहिलीच ओळ होती, ‘उडीद पीठ’.