नववा सेल

"नववा सेल गेलाय, तेवढा बदलून द्या." काकांनी फोनवर काम एवढंच सांगितलं होतं, घरच्या सोलर बॅटरीतला एक सेल बदलायचा. नवा सेल पुण्याहून त्यांच्या भाच्याने पाठवला होता, तो खोक्यात तयार होता. मी फक्त जायचं, जुना काढायचा, नवा बसवायचा.

दापोलीपासून हर्णैच्या बाजूला काकांचं घर. पुढे समुद्र, मागे माडांची बाग आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा इथल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यानंतर काकांनी ठरवलं, आता दुसऱ्यावर अवलंबून राहायचं नाही. छपरावर पॅनल बसवले, आणि पुढे भाच्याच्या मदतीने घरीच बॅटरी बांधली. लिथियम आयर्न फॉस्फेटचे 280 अँपिअर-अवरचे 16 सेल ओळीने जोडलेले, एकूण 51.2 व्होल्ट, म्हणजे साधारण 14 युनिट वीज. पेटी फणसाच्या फळ्यांची, सुताराकडून मापाने करून घेतलेली. काम बघितलं आणि मला मनापासून आवडलं. वायरी नेटक्या बांधलेल्या, प्रत्येक सेलवर रंगाने नंबर घातलेला.

तक्रार अशी होती की रात्री पाहुण्यांचे एसी चालू असताना विहिरीचा पंप लावला की सगळं घर अंधारात. बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं कार्ड, नववा सेल उतरला म्हणून बॅटरी तोडायचं. दुपारी उलटं. ऊन चांगलं असताना तोच नववा सेल 3.65 व्होल्टला पोचला म्हणून चार्जिंग बंद व्हायचं, आणि तेव्हा बाकीचे पंधरा जेमतेम साडेतीनवर असायचे. भाच्याने मोबाइलवरचे आकडे पाहून निकाल दिला होता की सेल खराब आहे.

मीही पहिली पाच मिनिटं तेच धरून चाललो होतो. मग लोड पूर्ण काढला, चार्जिंग बंद केलं आणि पाऊण तास काहीही न करता बसलो. काकूंनी कोकम सरबत आणलं. बाकी सगळे सेल 3.31, नववाही 3.31. फरक दोन-तीन मिलिव्होल्टचा.

इथे माझं मन बदललं. चार्ज कमी असलेला सेल लोडवर आधी पडेल, पण चार्जिंगला तो मागे राहील, पुढे धावणार नाही. क्षमता गेलेला सेल दोन्ही टोकांना आधी पोचतो, पण तो शेवटाला, बॅटरी भरत किंवा संपत आली की. हा मात्र बॅटरी अर्धी असतानाही करंट सुरू झाला की त्याच क्षणी हलायचा आणि करंट थांबला की त्याच क्षणी जागेवर यायचा. असं रेझिस्टन्स वागतो. तो सेलच्या आत असेल, नाही तर सेलच्या बाहेर, जोडावर.

बीएमएसची वायर प्रत्येक सेलच्या पॉझिटिव्हवर लावलेली असते. आठव्याच्या पॉझिटिव्हपासून नवव्याच्या पॉझिटिव्हपर्यंत जे काही येतं, ते सगळं कार्ड 'नववा सेल' म्हणून मोजतं. त्यात मधली बसबारची, म्हणजे सेलाला सेल जोडणारी, पट्टी आली, तिचे दोन्ही जोड आले. जोडाने खाल्लेले व्होल्ट बिचाऱ्या नवव्याच्या खात्यावर लागत होते. आणि बॅलन्सर, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणारा भाग, त्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून, रोज दुपारी चार्जिंगच्या वेळी, मुळात धडधाकट असलेल्या सेलमधून चार्ज काढून टाकत होता. हे मला फार लागलं. एखादा सेल असा हळूहळू खरंच मागे पडतो आणि मग सगळे म्हणतात, बघा, खराबच होता.

दोन्ही एसी, फ्रीज, पंखे लावले. वायरीतला करंट दाखवणाऱ्या क्लॅम्प मीटरवर 70 अँपिअर. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवला. एक काडी टर्मिनलच्या अॅल्युमिनियमवर, दुसरी पट्टीवर. बोल्टच्या डोक्यावर काडी ठेवून मोजू नका, खरा आकडा मिळत नाही. पहिला जोड 3 मिलिव्होल्ट, दुसरा 4, तिसरा 3. असं करत नवव्याच्या निगेटिव्हवर आलो. 161.

70 अँपिअरला 161 मिलिव्होल्ट म्हणजे त्या एका जोडात 11 वॅट उष्णता. ऐकायला थोडी वाटते, पण ती नखाएवढ्या जागेत, तासन्‌तास, प्लास्टिकच्या सीलला चिकटून. पट्टीवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि त्यावर टेम्परेचर गन रोखली (चकचकीत धातूवर गन भलताच कमी आकडा दाखवते). शेजारी 35 अंश, इथे 72. काका म्हणाले, "मला चार-आठ दिवस वास येत होता रे. वाटलं, देवघरातला आहे."

लोड बंद, इन्व्हर्टर बंद, एमसीबी खाली. मग काकांना हातातली अंगठी काढायला सांगितली. निघेना. साबण लावून काढेपर्यंत मी पेटीला हात लावू दिला नाही. या सेलांवर आडवा पाना पडला तर हजारो अँपिअर धावतात, आणि इथली एमसीबी सेलासेलांमधल्या शॉर्टला काहीच करू शकत नाही. माझ्या पान्यांना टोकापर्यंत टेप गुंडाळलेली असते.

बोल्ट सैल असणार, असं धरून टॉर्क पाना (लावलेला जोर पुरा झाला की कट् म्हणतो तो) 4 न्यूटन-मीटरवर लावला. नवव्याच्या निगेटिव्हवर ठेवला, आणि जेमतेम जोर दिला तोच कट्. घट्ट! 5 वर लावला. कट्. पट्टी बोटाने हलवून पाहिली, हलेना. मी परत बसलो.

या क्षणी हात शिवशिवतात, अजून अर्धा आटा फिरवू या म्हणून. मी ते एकदा केलेलं आहे. लिथियमच्या कामाच्या पहिल्या वर्षी, जुन्या अ‍ॅसिडच्या ट्यूब्युलर बॅटरीची सवय हातात घेऊन, एका गिऱ्हाइकाच्या सेलवर पाना आवळला. जोर वाढत गेला, वाढत गेला, आणि एकदम बोल्ट लोण्यात फिरावा तसा मऊ फिरला. अॅल्युमिनियमचे आटे बोल्टला गुंडाळून बाहेर आले. तो सेल मी पदरचे पैसे घालून दिला. एम-6 चा बोल्ट आणि मऊ अॅल्युमिनियम, त्याला 4 ते 6 न्यूटन-मीटर पुरतं. दहा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाच किलो वजन टांगलं तर 5 होतात. इतकंच. मोठा पाना हातात असला की मनगटाला ते कळत नाही.

म्हणून आवळला नाही, उलट सोडवला. बोल्ट निघाला आणि हातात फक्त बोल्टच आला. वॉशर नव्हता.

बाकीचे काढून पाहिले. पॉझिटिव्हला पट्टी, त्यावर बीएमएसच्या वायरीचा लग, म्हणजे टोकाची कडी, त्यावर वॉशर. निगेटिव्हला पट्टी आणि वॉशर. बोल्ट सगळीकडे एकच, 10 मिलिमीटरचा. भोकाची खोली मोजायला धातूचं काही आत घालायचं नव्हतं. काकूंकडून खराट्याचा एक हीर मागून घेतला, भोकात टेकवला, नखाने खूण केली. साडेसात मिलिमीटर. पट्टी 2 मिलिमीटर जाड, वॉशर 1.6. वॉशर असेल तर बोल्ट 6.4 मिलिमीटर आत जातो, टोक मोकळं राहतं आणि डोकं पट्टीला दाबतं. वॉशर नसेल तर 8 जायला हवा, भोक साडेसातचं. म्हणजे बोल्टचं टोक तळाला टेकलं होतं. पाना कट् म्हणत होता तो तळाशी, पट्टीवर दाब शून्य. आठव्याकडचं टोक पक्कं आवळलेलं, म्हणून पट्टी हलत नव्हती, नुसती एका कडेने टर्मिनलवर रेलून उभी होती.

पट्टी उलटी केली. त्या कडेला नखाएवढा काळा-निळा डाग, मधे टोचल्यासारखे खड्डे. काका चष्मा काढून तो डाग बराच वेळ बघत राहिले. "बत्तीस बोल्ट लावले आम्ही," ते म्हणाले, "एक वॉशर."

टर्मिनल हिरव्या घासणीने हलक्या हाताने घासलं, डाग जाऊन पांढरट चमक येईपर्यंत. स्पिरिटने पुसलं. उघड्या अॅल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर धरतो, त्यात इथली खारी हवा, आणि वर तांब्याची पट्टी, जरी निकेल चढवलेली असली तरी. म्हणून व्हॅसलिनचा अगदी पुसट हात दिला आणि लगेच पट्टी बसवली. पट्टी नवी घेतली. वॉशर घातला. 5 वर कट्, पण या वेळी बोल्ट आधी सावकाश जड होत गेला आणि मग कट् झाला. तो फरक काकांना कळावा म्हणून पाना त्यांच्या हातात दिला. पुढचे सगळे जोड त्यांनीच उघडले, पुसले आणि आवळले. तीन तास गेले. त्यात सैल निघाले आणखी दोन.

परत 70 अँपिअर. नवव्याच्या निगेटिव्हवर 4 मिलिव्होल्ट. काका पंप लावायला स्वतः विहिरीवर गेले. दिवे जरा मंद झाले आणि परत उजळले, एवढंच.

बत्तीसही जोडांचे आकडे काकांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले. नव्याने आवळलेल्या पट्ट्या थोड्या बसतात, सेल फुगतात-आकसतात, म्हणून महिन्याने परत मोजा आणि मोबाइलवर सांगा, असं म्हणून निघालो. नवा सेल खोक्यातच राहिला.

जूनमध्ये, पहिला पाऊस झाल्यावर, फोन आला. मागे विहिरीच्या पंपाचा आवाज येत होता. काका एकेक आकडा वाचत होते, घाई न करता. "सातवा, तीन आणि चार. आठवा, चार, तीन. नववा," इथे ते थांबले, बहुतेक परत मोजलं, "नववा चार आणि तीन. लिहून घेतलंस?"