‘पान्हा-पक्कड’चा ट्रेडमार्क आणि पॅकेजवाले

आमच्या यूट्यूब चॅनलच्या नावाला ट्रेडमार्क मिळाला, प्रमाणपत्र मेलवर आलं, तरी डोक्यातला राग काही जात नाही. राग सरकारी खात्यावर नाही, हे आधीच सांगतो. ‘सगळं आम्ही बघतो, तुम्ही निवांत राहा’ म्हणणाऱ्या एजन्सीवर आहे. नाव लिहीत नाही. अशा एजन्स्या पैशाला पासरी मिळतात, एकीचं नाव घेऊन काय होणार?

आमचं चॅनल घरगुती दुरुस्तीचं. मिक्सरचा कपलर, पंख्याचा कंडेन्सर, बोअरच्या मोटरचा स्टार्टर, असलं सगळं. नाव ‘पान्हा-पक्कड’. भावाचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत शूटिंग करतो. कुणीतरी आमचेच शॉर्ट्स उचलले, आमच्याच नावापुढं ‘ऑफिशियल’ लावलं आणि चॅनल काढलं. लोक तिथं जाऊन आम्हाला शंका विचारायला लागले. चोरलेल्या व्हिडिओंची तक्रार यूट्यूबकडं केली, व्हिडिओ उतरले. पण ती कॉपीराइटची तक्रार. चॅनल त्याच नावानं तसंच राहिलं. नावासाठी ट्रेडमार्कच्या तक्रारीचा फॉर्म वेगळा, आणि त्यात नोंदणी क्रमांक विचारतात. तो नव्हता, म्हणून हा सगळा खटाटोप.

अर्ज भरणं अवघड नाही. टीएम-ए नावाचा फॉर्म असतो. ऑनलाइन भरला तर एका व्यक्तीला एका क्लाससाठी, म्हणजे माल किंवा सेवांच्या एका गटासाठी, ४,५०० रुपये फी, मोठ्या कंपनीला ९,०००. एकूण ४५ क्लास आहेत; मनोरंजन आणि शिक्षण ४१ मध्ये येतं, म्हणजे आपल्यासारख्या चॅनलवाल्यांचा तोच. ऑनलाइन अर्जाला डिजिटल सही लागते, ती माझ्याकडं नव्हती, आणि तेवढ्यासाठी एजन्सी धरली. आधी ट्रेडमार्क खात्याच्या साइटवर नाव शोधून बघा, आणि नुसतं जसंच्या तसं नको, उच्चाराने मिळतंजुळतंही शोधा. तसा पर्याय तिथं आहे.

इथं एक गोष्ट मी हट्टानं करून घेतली. फॉर्ममध्ये विचारतात की नाव आधीपासून वापरात आहे की पुढं वापरायचंय. एजन्सीचा पोरगा म्हणाला, “सर, प्रपोज्ड टाकू, पटकन होतं.” पटकन त्याचं होतं. आधीपासूनचा वापर दाखवायचा तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, ते काम त्याला नको होतं. आम्ही २०२० च्या लॉकडाउनपासून हे नाव वापरतोय, ते कागदावर का सोडायचं?

पण व्हिडिओ चॅनलचा वापर सिद्ध कसा करायचा? प्रतिज्ञापत्राचा तयार नमुना दुकानदाराला डोळ्यासमोर ठेवून केलेला. विक्रीची बिलं, पॅकिंग, जाहिरातीचा खर्च. आमच्याकडं बिल कसलं? नोटरीकडच्या टायपिस्टनं तर “दुकानाचा पत्ता सांगा” म्हणून धोशा लावला. शेवटी मी जोडलं ते असं : या नावाखालच्या पहिल्या व्हिडिओची तारखेसह प्रत, दरवर्षीच्या काही व्हिडिओंच्या प्रती, व्ह्यूज आणि सबस्क्रायबरचे वर्षवार आकडे, आणि जाहिरातीचे पैसे बँकेत जमा झाल्याचे उतारे. यातले बँकेचे उतारे सगळ्यात वजनदार. चॅनलच्या माहितीत दिसणारी ‘जॉइन्ड’ तारीख मात्र एकटी देऊ नका. ती चॅनल उघडल्याची तारीख. नाव नंतर बदललेलं असू शकतं, आणि कुणी विचारलं तर उत्तर नसतं.

मग शांतता. साइटवर अर्जाचा क्रमांक टाकून अधूनमधून स्थिती बघायची, एवढंच काम.

एके दिवशी अनोळखी नंबरवरून फोन. “सर, तुमचा ट्रेडमार्क ऑब्जेक्ट झालाय, आम्ही रिप्लाय करून देतो.” मला वाटलं फसवाफसवी. तासाभरात दुसरा फोन, मग तिसरा, मग दिल्लीहून एक मॅडम. साइट उघडली तर खरंच ‘ऑब्जेक्टेड’. अर्जांची माहिती सगळ्यांना उघडी असते, म्हणून हे लोक हरकत आलेले अर्ज हेरत बसलेले असतात. परक्या चार एजन्स्यांना कळलं, आणि जिला मी पैसे दिले तिला पत्ता नाही! अर्जावर एजन्सीचा मेल असल्यामुळं तपासणी अहवाल, म्हणजे खात्यानं अर्ज तपासून काढलेल्या हरकती, त्यांच्या इनबॉक्समध्ये येऊन पडलेला. कुणी उघडलाच नव्हता.

आणि ही काही सावकाश घेण्याची गोष्ट नाही. अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. मी फोनवर तावातावानं बोललो तर पलीकडून आवाज थंड : “सर, पॅकेज फायलिंगपुरतं होतं. रिप्लायचा चार्ज वेगळा.” उत्तर द्यायला सरकारी फी शून्य आहे, हे तेव्हा ठाऊक असतं तर तिथंच ऐकवलं असतं. आधी मसुदा दाखवा म्हणालो. दोन दिवसांनी आला. त्यात लिहिलेलं की आमचा माल उत्तम प्रतीचा असून वितरकांमार्फत देशभर विकला जातो. माल! एका परिच्छेदात तर लोणच्याचा उल्लेख राहून गेलेला. दुसऱ्या कुणाचं उत्तर उचलून वरचं नाव तेवढं बदललेलं.

त्या रात्री मी तो अहवाल स्वतः वाचायला घेतला. एरवी असल्या इंग्रजीच्या वाटेला जात नाही, पण वाचल्यावर कळलं की हरकती दोनच आहेत आणि दोन्ही समजण्यासारख्या आहेत.

पहिली ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची. नाव वर्णनात्मक आहे, दुरुस्तीची हत्यारंच त्यात आहेत, म्हणून सेवेचं स्वरूप सांगतं. दुसरी कलम ११ ची, आधीच्या एका मिळत्याजुळत्या नावामुळं. ते नाव एका शिकवणी क्लासचं. त्याचा क्रमांक साइटवर टाकून बघितला तर तो अर्ज ‘अबँडन्ड’, म्हणजे मेलेला. तेवढ्या एका शोधानं अर्धी हरकत निकालात निघाली. एजन्सीच्या मसुद्यात मात्र त्या मेलेल्या नावाशी आमचं नाव कसं वेगळं आहे यावर पानभर मजकूर होता. अहवालात ज्या नावांचा हवाला दिलाय, त्यांची आजची स्थिती पहिल्यांदा बघा.

कलम ९ साठी डोकं लावावं लागलं. कायदा नाव हवेत तपासत नाही, ज्या मालासाठी किंवा सेवेसाठी मागितलंय त्याच्याशी जोडून तपासतो. पान्हे-पकडी विकणाऱ्यानं क्लास ८ मध्ये हे नाव मागितलं असतं तर हरकत बरोबर होती. आम्ही हत्यारं विकत नाही, व्हिडिओ दाखवतो. दुरुस्ती शिकवणाऱ्या कार्यक्रमाला कुणी ‘पान्हा-पक्कड’ म्हणत नाही. शिवाय नाव सुटं सुटं न तोडता पूर्ण बघायचं असतं. आणि त्याच कलमात एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे : अर्जाच्या तारखेच्या आधी वापरामुळं नावाला ओळख मिळाली असेल, तर नोंदणी नाकारता येत नाही. ‘आधी’ हा शब्द पक्का धरा. अर्जानंतर व्हायरल झालेला व्हिडिओ इथं उपयोगाचा नाही. प्रतिज्ञापत्राला जोडलेले जुने पुरावे इथं कामाला आले. ‘प्रपोज्ड’ टाकलं असतं तर कुठल्या तोंडानं म्हणालो असतो, की हे नाव आमच्यामुळं ओळखलं जातं?

एवढं सगळं दीड पानात बसलं. मेहुणीची मुलगी पुण्यात लॉ करते, तिनं इंग्रजी नीट केलं. ते एजन्सीला पाठवून सांगितलं, यातला एक शब्द न बदलता तुमच्या लॉगिनमधून चढवा. कुरकुरत का होईना, चढवलं. पैसे मात्र घेतले, ‘अपलोडिंग’चे.

सुनावणी ठरलीच, पण व्हिडिओवर. मुंबईला जावं लागलं नाही. महाराष्ट्रातले अर्ज मुंबई कार्यालयाकडं जातात. अधिकारी बाईंनी एकच विचारलं : हत्यारांच्या व्यापाऱ्यांना हा शब्द वापरायला तुम्ही अडवणार का? नाही, आम्ही फक्त ४१ मध्ये मागतोय. बास. चहा निवायच्या आत संपलं. नंतर स्थिती ‘अ‍ॅक्सेप्टेड अँड अ‍ॅडव्हर्टाइज्ड’ झाली. म्हणजे ट्रेडमार्क जर्नलमध्ये, जे दर सोमवारी निघतं, त्यात नाव छापलं. तिथून चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. आमच्याविरुद्ध कुणी आलं नाही.

मधल्या काळात भाऊ चॅनलच्या बॅनरवर गोलातला ‘आर’, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, टाकायच्या मागं लागलेला. नोंदणी होण्याआधी तो टाकणं कायद्यानं चालत नाही. तोवर ‘टीएम’ लिहा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. लोगोचा अर्ज केला असता तर चित्राच्या वर्गीकरणाचा आणखी एक टप्पा आला असता. आम्ही नुसतं नावच घेतलं, कारण लोगो भाऊ दर दिवाळीला बदलतो.

आता अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं बिनघोर. नोंदणी क्रमांक टाकून यूट्यूबचा तो फॉर्म भरला, आणि ‘ऑफिशियल’वाल्याचं नाव उतरलं. आता भावाला टी-शर्ट काढायचेत. म्हणजे क्लास २५, नवा अर्ज, पुन्हा ४,५०० रुपये. या वेळी डिजिटल सही मीच काढून घेतलीय आणि अर्जावर मेल माझा आहे. परवा त्या एजन्सीचा मेसेज आला, ‘रिन्युअल पॅकेजवर दिवाळी ऑफर’.