अक्षता, एफ फोर आणि फलटणचे मामा

वैशाखातला मोठा मुहूर्त असला की आमचं भाड्याचं कपाट सकाळी दहालाच रिकामं होतं. पुण्यातल्या पेठेत आमचं दुकान आहे. पुढे जुन्या कॅमेऱ्यांची आणि लेन्सची खरेदी-विक्री, मागे भाड्याचं काउंटर. दोन्हीकडे मीच असते, शेठ गल्ल्यावर. त्या दिवशी शेवटची लेन्स देऊन मी डबा उघडणार, तेवढ्यात फलटणकडचे दोघे आले. पन्नाशी ओलांडलेले मामा आणि पंचविशीचा भाचा. मामांचा गावात जुना स्टुडिओ आहे, आणि भाचा आता लग्नाच्या ऑर्डरी घेतो. पतसंस्थेकडून एक लाख उचलून दोघं सकाळच्या एस.टी.ने निघाले होते. त्या लाखावरून वाटेत चांगलंच वाजलं असावं, कारण काउंटरला आले तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते.

भाच्याला सत्तर-दोनशे हवी होती, म्हणजे ७० ते २०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स, तीही टू पॉइंट एट, म्हणजे एफ २.८ ची. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं. आमच्याकडे कॅननची दुसऱ्या पिढीची, म्हणजे २०१० सालच्या मॉडेलची एक जुनी लेन्स ८२ हजारांना होती. तिच्याच शेजारी एफ ४ वाली सत्तर-दोनशे, ३८ हजारांना. मामांचं बोट त्या दुसरीवर.

"ताई, याशिकाच्या साडेतीनच्या लेन्सवर मी सगळ्या तालुक्याची लग्नं काढलीत. ह्याला दोन पॉइंट आठ कशाला लागतंय?"

भाच्याने पिशवीतून तिसरीच लेन्स काढली. हीसुद्धा टू पॉइंट एट, तेच मॉडेल. स्वारगेटजवळच्या कुणाकडून 'दाखवून आणतो' म्हणून दिवसभराच्या बोलीवर आणलेली, ५५ हजारांची. २७ हजारांचा फरक बघून मामांचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

फिल्टर जिथे बसतो त्या कड्याला बारीक चेप होती. नुसत्या चेपेवरून मी लेन्स नाकारत नाही. आधी टॉर्च मारून आत बघितलं. पावसाळ्यात कोकणातून येणाऱ्या लेन्समध्ये फंगसचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे हमखास दिसतात, इथे काच स्वच्छ होती. मग वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला ताणून चिकटवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर लावला, एफ २.८ ठेवून दोन सेकंदांच्या टायमरवर ७०, १३५ आणि २०० ला फोटो घेतले. २०० ला उजवीकडचं 'वर पाहिजे' लख्ख वाचता येत होतं. डावीकडचं 'वधू पाहिजे' मात्र कशीबशी ओळखू येत होती.

"कॅमेरा तिरका असंल," मामा म्हणाले. शंका रास्त होती, निम्म्या वेळा तेच असतं. म्हणून मी कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा टांगला आणि परत फोटो घेतला. आता कागदाची उजवी बाजू पुसट झाली. म्हणजे कागदाचा आणि भिंतीचा संबंध नव्हता, पुसटपणा लेन्सबरोबर फिरत होता. कधीतरी पडल्यामुळे आतला एखादा भिंगांचा गट मध्यरेषेवरून सरकला होता. ह्या लेन्समध्ये १९ गटांत मिळून २३ भिंगं आहेत, त्यातलं एखादं केसभर हललं तरी पुरतं. एफ ८ ला हा दोष बराच झाकला जातो, आणि विकणारे नमुन्याचे फोटो नेमके भर उन्हातले दाखवतात. म्हणून माझं गिऱ्हाइकांना सांगणं असतं की जुनी लेन्स घेताना नावाच्या आधी समोर असलेला नग बघा. त्याच मॉडेलचे दोन नग पडण्या-झडण्यानंतर दोन वेगळ्या लेन्स झालेले असतात.

५५ हजारांची लेन्स पिशवीत परत गेली. राहिल्या दोन.

दुप्पट पैसे कशाचे, ते मी मामांना आकड्यांत सांगितलं. २०० ला २.८ ने भागलं की सुमारे ७१ मिलिमीटर येतात. चारने भागलं की ५०. लेन्सचं उघडं तोंड तेवढं रुंद. एका स्टॉपचा फरक, म्हणजे टू पॉइंट एटमध्ये उजेड दुप्पट येतो, पण त्यासाठी काच आडवी, उभी आणि जाडीला, सगळीकडून वाढते. म्हणून एक लेन्स ७६० ग्रॅमची आहे आणि दुसरी जवळपास दीड किलोची. पैसे धारेचे, म्हणजे फोटोच्या रेखीवपणाचे नाहीत. धारेच्या बाबतीत एफ ४ कुठेही कमी नाही. पैसे उजेडाचे आहेत.

"मग आयएस आहे की ह्यात," मामा म्हणाले. "हात हलला तरी फोटो हलत नाही म्हणतात."

"हात धरून ठेवतं, काका. नवरीला नाही धरत."

ह्यावर भाचा हसला, मामा हसले नाहीत. आमच्याच गल्लीत मंगल कार्यालय आहे आणि त्या संध्याकाळी तिथे गोरज मुहूर्त होता. तिथला फोटोग्राफर आमचा नेहमीचा, सकाळी माझ्याकडूनच लेन्स घेऊन गेलेला. त्याला फोन केला, तर म्हणाला, कोपऱ्यात उभे राहा, माझ्या फ्रेममध्ये आलात तर बघा. शेठनी डोळे वटारले, पण मोठं गिऱ्हाईक म्हणून दोन्ही लेन्स न्यायला दिल्या. निघताना मी ८५ मिलिमीटरची एफ १.८ पण पर्समध्ये टाकली. १९९२ सालापासून चालत आलेलं साधं मॉडेल, कॅननच्या महागड्या लेन्सवर असते ती लाल पट्टी नाही, वजन सव्वाचारशे ग्रॅम, आमच्याकडचा भाव २१ हजार. तिच्याबद्दल कुणी विचारलंही नव्हतं.

कार्यालयात आजकाल सगळीकडे असतो तोच प्रकार होता. स्टेजच्या मागे जांभळी एलईडी भिंत, वरून पिवळे दिवे आणि नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर पुरेसा उजेड कुठलाच नाही. मंगलाष्टकांचा एक मोठा फायदा म्हणजे प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'सावधान' होतं, अक्षता पडतात, आणि डोक्यावर तांदूळ आले की नवरी दर वेळी मान आत ओढून घेते. तीच हालचाल, तोच उजेड, चार-पाच वेळा. लेन्स तपासायला ह्याहून चांगली सोय प्रयोगशाळेतही मिळणार नाही. भाचा त्याच्या सिक्स डी मार्क टू कॅमेऱ्यावर दर कडव्याला लेन्स बदलत होता, मी काढलेली लेन्स हातात झेलत होते आणि मामा लेन्सच्या टोप्या सांभाळत होते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनक्षमता, ६४०० वर पक्का ठेवला. तो वाढवला की फोटो दाणेदार होतो. एफ ४ ला शटर मिळालं १/१२५ सेकंद, टू पॉइंट एटला १/२५०, आणि ८५ ला एफ १.८ वर १/६४०. चौथ्या कडव्याला पुन्हा एफ ४ लावली, पण आयएसओ १२८०० करून शटर १/२५० वर नेलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा आमचं काम उरकलं होतं. मामा मात्र व्यासपीठाकडेच बघत होते, तिथल्या मामाने नवरीला कसं धरलंय ते.

शेजारच्या लॅबमध्ये आम्ही चारही फोटो ८ बाय १२ मध्ये छापून घेतले. लग्नाच्या करिझ्मा अल्बममध्ये १२ बाय ३६ च्या पानावर एखादा मोठा फोटो साधारण एवढाच येतो. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, त्याला २४०० गुणिले ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे ९० लाखसुद्धा नाहीत, आणि कॅमेरा देतो २ कोटी ६० लाख. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून धार बघत रात्र घालवणाऱ्यांना हे सांगून उपयोग होत नाही. नवरीच्या आईकडे तो फोटो पोचतो व्हॉट्सॲपवर आकसून, नाहीतर ह्या पानावर. बरोबर पाचवा फोटोही होता, स्टेजवरचा सगळ्या घरच्यांचा, फ्लॅश मारून काढलेला. एक प्रत एफ ४ वरची, एक टू पॉइंट एटवरची.

लॅबमध्ये कलर करेक्शनला बसणारे गृहस्थ रोज शेकडो लग्नं बघतात. प्रिंटच्या मागे मी बारीक पेन्सिलने खुणा केल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. घरच्यांच्या फोटोच्या दोन प्रती त्यांनी उलटसुलट करून बघितल्या आणि "एकाच फाइलच्या दोन प्रिंट कशाला काढल्या?" म्हणून विचारलं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू खटला तिथेच निकाली निघाला.

अक्षतांच्या फोटोंचं तसं झालं नाही. १/१२५ चा त्यांनी लगेच बाजूला काढला. तांदळाच्या रेघा उमटल्या होत्या, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मामांना तर रेघाच आवडल्या, पाऊस पडल्यासारखं वाटतंय म्हणाले. गोची नवरीच्या चेहऱ्याची होती. नथ आणि ओठ मिळून एकच डाग झाला होता. १२८०० चा फोटो स्क्रीनवर इतका दाणेदार होता की भाचा तो छापायलाच नको म्हणत होता. कागदावर तो चक्क चालण्यासारखा निघाला. चेहरा ठीक, फक्त पैठणीच्या काठावरचे मोर चिखल झालेले. "हलल्यापेक्षा दाणा बरा," गृहस्थ म्हणाले, "दाणा मी मऊ करतो, हललेलं मला सरळ करता येत नाही." टू पॉइंट एटचा आणि ८५ चा त्यांनी जवळजवळ ठेवला, बराच वेळ बघितला आणि ८५ च्यावर बोट ठेवलं. मान ओढतानाची ती क्षणभराची मिटलेली पापणी सुद्धा त्यात धारदार होती.

मागची गर्दी किती विरघळते ह्यावरून भाच्याचा टू पॉइंट एटचा हट्ट होता, म्हणून तेही बोलणं झालं. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवला तर दूरची पार्श्वभूमी किती पुसट होणार ते साधारण त्या उघड्या तोंडाच्या रुंदीवर ठरतं. २०० ला एफ ४ म्हणजे ५० मिलिमीटर. ८५ ला १.८ म्हणजे ४७. दोन्ही सारख्याच की! टू पॉइंट एटचे ७१ त्यांच्या बरेच पुढे, हे खरंच आहे, आणि मागून बादली घेऊन जाणारा वाढपी तिने जितका छान गायब केला तितका दुसऱ्या दोघींनी केला नाही. पण ८५ ने तेवढाच चेहरा भरायचा तर पुढे जावं लागतं, आणि पुढे गुरुजी, करवल्या, व्हिडिओवाल्याचा लाइट आणि मोबाइल धरलेले वीस हात असतात. ही अडचण कुठल्याही तक्त्यात लिहिलेली नसते.

इथून पुढे दिवसाने वेगळंच वळण घेतलं. नवरीच्या चेहऱ्याचा तो डाग हातात धरून मामा म्हणाले, "घ्या टू पॉइंट एट. नवरीचं तोंड हललेलं माझ्या स्टुडिओतून जाणार नाही." आणि भाच्याचा सूर बदलला होता. त्याच्या लॅपटॉपवर मागच्या हंगामाचे फोटो होते, माझ्याकडूनच भाड्याने नेलेल्या सत्तर-दोनशेने काढलेले. कोणता फोटो किती मिलिमीटरला काढला ते फाइलमध्ये नोंदलेलं असतं. मी त्याला अल्बमसाठी निवडले गेलेलेच फोटो ठेवून त्याप्रमाणे लावायला सांगितले. बहुतेक सगळे ७० ते ११० च्या मधले निघाले. २०० ला त्याने काढले होते भरपूर, पण ते पाहुण्यांचे लांबून टिपलेले चेहरे, आणि नवरीकडच्यांनी त्यातले जवळपास सगळे गाळले होते.

"मामा, मी एटी फाइव्हलाच काढतोय की सगळं," तो म्हणाला.

"आणि लॉनवरची लग्नं? दीडशे फुटांवर स्टेज असतंय."

मग मामांनी कॅल्क्युलेटर मागितला. टू पॉइंट एटचं आमचं भाडं दिवसाला १२०० रुपये. ८२ हजार भागिले १२०० म्हणजे ६८ दिवस. लॉनवरच्या मोठ्या ऑर्डरी वर्षाला पंधराएक. म्हणजे साडेचार हंगाम भाड्याने वापरली तेव्हा कुठे लेन्सची किंमत फिटणार. त्यात मी माझ्या शेठच्या पोटावर पाय देऊन आणखी एक सांगितलं. २०१८ पासून कॅनन नव्या आरएफ माउंटकडे, म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स बसवायच्या नव्या जोडणीकडे, वळलेली आहे. ह्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टरने नव्या कॅमेऱ्यावर उत्तम चालतात, पण त्यांचे जुन्या बाजारातले भाव खालीच चाललेत. आज ८२ ला घेतलेली पाच वर्षांनी विकायला आणलीत तर मीच तुम्हाला वाईट भाव सांगणार.

"ते बरोबर आहे," भाचा म्हणाला, "पण मुहूर्ताला तुमचं कपाट रिकामं असतं त्याचं काय? आजच बघा ना."

ह्याला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. लग्नाच्या तारखा सगळ्यांच्या त्याच असतात. लेन्स भाड्याने घेणं स्वस्त पडतं ते ज्या दिवशी गरज नसते त्या दिवशी. साखरपुडा ठरला की तारीख आमच्याकडे नोंदवून निम्मे पैसे भरा, एवढाच तोडगा मी देऊ शकत होते, आणि भाच्याला तो अर्धामुर्धाच पटला. त्याला स्वतःची लेन्स हवी होती. ते मला कळतं. भाड्याच्या लेन्सला हात सरावत नाही.

शेवटी ८५ घेतली. तुळशीच्या लग्नानंतरच्या चार तारखा टू पॉइंट एटसाठी नोंदवून आगाऊ पैसे भरले, आणि उरलेले परत पतसंस्थेत भरायचे असं मामांनी जाहीर केलं. भाचा काचेआडच्या ८२ हजारांच्या लेन्सकडे बघत होता ते मी बघितलं. शेठनी बिल फाडताना मला हळूच विचारलं, की तू नक्की कुणाकडे नोकरीला आहेस.

बिल झाल्यावर मामांनी लेन्स खोक्यातून काढून चारी बाजूंनी बघितली. "हिचं टोपरं कुठाय?" लाल पट्टी नसलेल्या लेन्सबरोबर हूड येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, असं मी सांगितलं.

"वेगळा? ह्या पोराला सकाळपासून साठ हजारांनी खाली आणलं मी. तुमच्याच्याने एक टोपरं सुटत नाही?"

शेठनी ड्रॉवर उघडला, आणि मामा यूव्ही फिल्टरही मागायच्या आत घाईघाईने बंद केला.