आधी जिना, मग खोल्या : घर बांधतानाचा माझा अनुभव

घर बांधून झाल्यापासून ओळखीतले लोक एकच प्रश्न विचारतात : कॉन्ट्रॅक्टर अनुभवी असेल तर आर्किटेक्टची फी कशाला भरायची? मी उत्तराला जिन्यापासून सुरुवात करतो.

घरच्या घरी काढलेल्या आराखड्यात आम्ही जिन्यासाठी कोपऱ्यात एक चौकोन सोडला होता. आमच्या आर्किटेक्ट मॅडमनी तो पाहिला आणि शेजारी हिशेब मांडला. दोन मजल्यांमधली उंची 3.2 मीटर. एका पायरीची उंची 16 सेंटीमीटर धरली तर 20 चढ. पाय नीट टेकायला पायरीची रुंदी 29 सेंटीमीटर. दोन चढांची उंची आणि एक रुंदी यांची बेरीज 60 ते 64 सेंटीमीटरच्या आसपास आली की चढताना दम कमी लागतो आणि उतरताना पाऊल चुकत नाही. हे सूत्र सतराव्या शतकातल्या ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाच्या नावाने ओळखतात. आमची बेरीज 61. मध्ये लँडिंग, म्हणजे जिना वळतो तिथला सपाट भाग, घेतलं तर प्रत्येक बाजूला दहा चढ आणि त्यांच्यामध्ये नऊ पायऱ्या, म्हणजे 2.61 मीटर, शिवाय दोन्ही टोकांना उभं राहायला जागा. आमच्या चौकोनात एवढं मावेना.

"यातही जिना बसवता येतो," मॅडम म्हणाल्या, "पण पायऱ्या इतक्या उंच होतील की तुमची आई वर जाणं सोडून देईल."

मग जिना आधी ठरला आणि खोल्या त्याच्याभोवती बसल्या. पुढचं सगळं काम मी याच नजरेने पाहत गेलो. कोणता निर्णय कशाच्या आधी घ्यायला हवा, हे मॅडमना पक्कं माहीत होतं आणि आमची घाई त्या क्रमाच्या आड येऊ देत नव्हत्या.

प्लॉटची मोजणी, जमिनीचे चढउतार आणि मातीची तपासणी हे नकाशाच्याही आधी झालं. पाया किती खोल न्यायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो, पण त्याला माती कशी आहे ते कळल्याशिवाय तो काय सांगणार? नंतर नकाशाचे पर्याय आले. त्यात पलंग, कपाटं, दारं उघडण्याची दिशा असं सगळं मापात दाखवलेलं होतं. एका पर्यायात दिवाणखाना प्रशस्त दिसत होता, पण सोफा ठेवल्यावर चालायला वाट उरत नव्हती. तो तिथेच बाद झाला.

परवानगीसाठी दाखल करायचे नकाशे वेगळे आणि साइटवर वापरायचे वेगळे, हेही तेव्हा समजलं. परवानगीच्या नकाशात इमारत नियमांत बसते का एवढं दिसतं. साइटच्या नकाशांत मात्र खिडकीची चौकट भिंतीत किती आत, छज्ज्याचं पाणी कुठे पडणार, बाथरूमची फरशी किती खाली, असं सगळं असतं. या दुसऱ्या संचाला बराच वेळ गेला. कॉन्ट्रॅक्टरकडून दर त्यानंतरच मागवले, सर्वांना कामांची एकच यादी देऊन. सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये वॉटरप्रूफिंगच्या रकान्यात काहीच भरलेलं नव्हतं. ते घालून बेरीज केल्यावर ते स्वस्त राहिलं नाही.

मॅडम रोज साइटवर येत नसत. रोजच्या देखरेखीला सुपरवायझर होता, पण काही टप्पे त्यांनी पाहिल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत असं ठरलं होतं. स्लॅब हा त्यातला सगळ्यात मोठा. आदल्या दिवशी त्या आणि इंजिनिअर सळ्या तपासत फिरले : सळ्यांखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे त्यांना तळापासून वर धरणारे छोटे ठोकळे, आहेत का, दिव्यांच्या वायरींसाठी कंड्युट पाइप टाकलेत का, पाण्याचे पाइप जिथून खाली उतरणार तिथे स्लीव्ह, म्हणजे भोकासाठीच्या नळ्या, ठेवल्यात का. दोन स्लीव्ह राहिल्या होत्या. त्या बसेपर्यंत काँक्रीट मागवू दिलं नाही. प्रत्यक्ष भरताना एका कामगाराने काँक्रीट पातळ करायला पाण्याचा पाइप उचलला, तो त्यांनी जागीच थांबवला. जादा पाण्याने काँक्रीट पसरतं छान, पण ते पाणी उडून गेलं की आत बारीक छिद्रं राहतात आणि ताकद घटते. त्याच काँक्रीटचे 15 सेंटीमीटरचे ठोकळे भरून ठेवले होते. त्यांची दाबचाचणी 7 आणि 28 दिवसांनी झाली.

वरचा मजला सुरू असताना भावाला तिथे आणखी एक बाथरूम हवंसं वाटलं. मॅडमनी सरळ नकार दिला नाही. खालच्या बाथरूमच्या बरोबर वर घेतलं तर पाइप सरळ उतरतील, दुसरीकडे घेतलं तर ते दिवाणखान्याच्या छतातून न्यावे लागतील, असं काढून दाखवलं. वाढीव खर्च आणि दिवस एका वहीत लिहून दिले, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, मगच काम. तोंडी सूचना त्या कुणालाच देत नसत, मलाही देऊ देत नसत. याचा मला तेव्हा वैताग यायचा, पण बिलं तपासताना त्याच वहीने वाद मिटवले.

शेवटी उरलेल्या कामांची यादी निघाली. बाथरूममध्ये पाणी साठवून खालचं छत ओलं होतं का ते पाहिलं. फरशा नाण्याने ठोकल्या, पोकळ आवाज देणाऱ्यांवर खुणा केल्या. प्रत्येक खिडकी लावून उघडली. कॉन्ट्रॅक्टरच्या पैशांतला काही भाग वर्षभर राखून ठेवायचा करार होता. पहिल्या उन्हाळ्यानंतर बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर बारीक भेग दिसली. मॅडमनी येऊन पाहिली, इमारतीला धोका नाही असं सांगितलं, सांधा उकरून जाळी लावून पुन्हा प्लास्टर करवून घेतलं आणि मगच ती रक्कम सोडायला पत्र दिलं.