कोपऱ्यातलं चौथं झाड

काकूंचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच बागेत छाटणी करत होतो. "अरे, समोरच्या कोपऱ्यातलं झाड पुन्हा गेलं. आता तिथे काय लावायचं ते तूच सांग, पण अनंत नको. ही जागा त्याला लाभत नाही."

ते "पुन्हा" मला लागलं, कारण त्या जागी गेलेल्या झाडांपैकी एक मी लावलेलं होतं.

हकिकत अशी. घराच्या दर्शनी कोपऱ्यात, दोन भिंती जुळतात तिथे, अनंताचं जुनं झाड होतं. बारा-तेरा वर्षं सुखात वाढलं, खिडकीपर्यंत वास यायचा. मग घराची डागडुजी झाली आणि वर्षभरात ते वाळलं. त्या जागी मी दुसरा अनंत लावला. दीड वर्षात तोही गेला. तिसरा काकूंनी स्वतः आणून लावला, तो एका पावसाळ्यातच संपला. जुन्या झाडाने बारा वर्षं काढली आणि नव्यांनी दोनसुद्धा नाहीत, हा प्रश्न मी दुसऱ्या वेळीच विचारायला हवा होता.

गेलो तेव्हा आठवडाभर उघडीप होती. काकूंनी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला होता: सुरूसारखं निमुळतं, उंच झाड, कुठल्याशा बंगल्याच्या कोपऱ्यावर. "असं काहीतरी. कोपरा उठून दिसेल." काका मागे उभे होते, गप्प. मी म्हटलं, "काकू, झाड ठरवू, पण आधी मेलेलं उपटून बघू."

उपटायला जोर लावावाच लागला नाही. बुंधा धरून हलवला आणि झाड मुळांसकट हातात आलं. मुळांचा गोळा अजून कुंडीच्याच आकाराचा होता, म्हणजे बाहेरच्या मातीत एकही मूळ शिरलं नव्हतं. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आतला बारीक दोरा तेवढा उरला. मुळं कुजल्याची याहून स्पष्ट खूण नाही. खड्ड्यातली माती राखाडी, चिकट, आणि तिला सडक्या अंड्यासारखा वास. त्या मातीत हवाच उरली नव्हती.

काकांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "माझ्या हातून पाणी जास्त झालं का रे? मी रोज सकाळी एक बादली घालायचो. पानं मलूल दिसली की दोन." त्यांच्या आवाजावरून कळत होतं की हा प्रश्न त्यांच्या मनात बरेच दिवस होता. मुळं कुजलेलं झाडही मलूलच दिसतं, तहानलेल्यासारखंच. पाणी घालणाऱ्याला ते कसं कळावं? मी म्हटलं, "काका, थांबा. बादलीवर एवढ्यात आळ घेऊ नका."

पहार घेतली. वीतभर खाली खणकन आवाज आला. हा आवाज मी ओळखला. दुसरा अनंत लावताना पहार अशीच दोनदा वाजली होती आणि मी दगड असेल म्हणून खड्डा जरा बाजूला सरकवला होता. त्या दिवशी मला पुढच्या कामाला जायची घाई होती. हे मी काका-काकूंना तिथेच सांगितलं. या वेळी मात्र खणत गेलो. विटांचे तुकडे, फरशीच्या चिपा, प्लास्टरची ढेकळं, सिमेंटच्या गोणीचा कागदसुद्धा. डागडुजीचा सगळा राडारोडा कोपऱ्यात दडपून वर चार बोटं लाल माती पसरली होती. काकूंकडून व्हिनेगर मागितलं आणि एका पांढऱ्या ढेकळावर चमचाभर ओतलं. ते फसफसलं. चुना.

अनंताला आम्ल माती लागते, सामू (म्हणजे पीएच; तो जितका कमी तितकी माती आम्ल) ५ ते ६ च्या आसपास. चुन्याने सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. काकूंच्या मोबाइलमध्ये तिसऱ्या झाडाचे फोटो होतेच: कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. दुसऱ्या झाडाचीही अशीच पानं मी बघितली होती आणि लोहाची फवारणी करून निघून गेलो होतो. चार दिवस हिरवेपणा आला, पण दुखणं जागेवरच होतं.

पण नुसत्या चुन्याने मुळं कुजत नाहीत. फूटभर खोल खड्डा घेतला, एकदा भरून जिरू दिला, पुन्हा भरला आणि काठीवर खूण केली. चांगल्या जमिनीत तासाला निदान २.५ सेंटीमीटर पाणी उतरावं. इथे तासाभरात जेमतेम १ सेंटीमीटर उतरलं. तो तास मी भिंतीकडे बघत काढला, आणि तेव्हा छपराचा पाइप दिसला. म्हणजे तो आधीही दिसला होता, पण आता त्याचं तोंड दिसलं. झाडाच्या बुंध्यापासून दोन हातांवर.

"हा पाइप आधीपासून इथेच आहे?"

"नाही," काका म्हणाले, "आधी मागच्या बाजूला होता. डागडुजीच्या वेळी इकडे घेतला."

समोरच्या छपराचा उतार साधारण ४० चौरस मीटर. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. २५ मिलिमीटरची एक जोरदार सर आली की त्या कोपऱ्यात हजार लिटर पाणी ओतलं जाणार. काकांना हा हिशेब पायरीवर खडूने मांडून दाखवला. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझी बादली..." मी म्हटलं, "काका, हजार लिटरपुढे बादली ती काय!"

मग झाडाचं बोलणं निघालं. फोटोतलं निमुळतं झाड मी नको म्हटलं. तसली झाडं सहज दहा मीटरच्या वर जातात आणि हे घर बसकं. शिवाय कोपऱ्यावर वारा वळताना जोर धरतो. कण्हेर चुन्यात आणि उन्हात मजेत वाढली असती, पण अंगणात नातवंडं खेळतात आणि कण्हेरीचं पानपान विषारी. जास्वंद चुनखडीत पिवळी पडते. बोगनवेल काकूंनाच नको होती.

"डाळिंब लावू या का?" मी विचारलं. काकू जरा नाराजच झाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे शेतातलं डाळिंब होतं. पण चुनखडीची जमीन त्याला चालते, पान चकचकीत, फूल शेंदरी-लाल, छाटणी सोसतं, आणि छाटून दोन-अडीच मीटरच्या घेरात राखता येतं. काटे असतात, पण वाट दुसऱ्या बाजूने आहे. एकच गोष्ट त्याला अजिबात सोसत नाही: मुळाशी साचलेलं पाणी.

म्हणून मी अट घातली. राडारोडा काढायचा, पाइपचं तोंड तीन मीटर लांब उताराकडे न्यायचं, जागा दोन्ही भिंतींपासून दीड मीटर बाहेर घ्यायची, आणि एक मोठा पाऊस होईपर्यंत तिथे काहीही लावायचं नाही. रिकामा खड्डा तसाच ठेवायचा. दर्शनी जागी नुसता खड्डा काकूंना बघवेना, पण चौथं झाड घालवायची माझी तयारी नव्हती.

दोन दिवस खोदकाम चाललं. मलबाच इतका निघाला की खड्ड्यापेक्षा ढीग मोठा दिसायला लागला. तळाला दगडासारखी चोपलेली जमीन लागली, तीही फोडली. तिच्याखाली मूळची माती होती, काळसर आणि भुसभुशीत, आणि तिच्यात जुन्या अनंताची वाळकी मुळं चांगली लांबवर गेलेली. काकूंनी त्यातलं एक बोटभर मूळ उचलून खिडकीत ठेवलं.

अनंताचा वास मात्र त्यांना हवाच होता. दारापाशी मोठ्या कुंडीत, चुना नसलेल्या मातीत त्याचं एक रोप लावायचं ठरलं. पाइपाला वाटेत एक छोटं पिंप जोडलं. नळाचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे, अनंताला छपराचंच द्यायचं.

बारा दिवसांनी रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी साडेसहाला काकांचा फोन. छत्री घेऊन ते खड्ड्याच्या काठावर उभे होते, पावसाचा आवाज फोनमधून येत होता.

"अरे, तळ दिसतोय," ते म्हणाले. "पाणी उभं नाही. रोप कधी आणतोस?"