चोरबाजारातला मधाळ दिवा

चोरबाजारात शुक्रवारी पहाटे साडेपाचला, तेही टॉर्च घेऊन जायचं असतं, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. एका चादरीवर तो रॉकेलचा दिवा दिसला. मधाच्या रंगाची काच, अंगभर चंद्र आणि चांदण्या. “अंग्रेजों के जमाने का है, मॅडम.” चार हजार सांगून बावीसशेला दिला. इतक्या पटकन दिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

घरी शोधाशोध केली. नक्षी अमेरिकन निघाली, ‘मून अँड स्टार’, मूळ १८८०च्या दशकातली. पण तेव्हाची काच बहुतेक बिनरंगी. मधाळ रंग म्हणजे विसाव्या शतकातली नक्कल. वेस्ट व्हर्जिनियातली एल. जी. राइट कंपनी (१९३७ ते १९९९) जुन्या घाटाच्या अशा वस्तू दुसऱ्यांच्या भट्टीत करून घेऊन विकायची. इतरही होते. माझ्या दिव्यावर शिक्का नाही, त्यामुळे तो कुणाचा ते राहिलंच. दोन दिवस चडफडले. मग वाटलं, अस्सल असता तर पेटवायची छाती तरी झाली असती का?

पेटवायचं तर बर्नर हवा, म्हणजे वात धरणारा आणि वर काच बसवायचा भाग. भुलेश्वरातून आणलेला बर्नर दिव्याच्या तोंडात बसेचना, सैल पडला. दिव्याच्या तोंडाचं पितळी कडं सव्वा इंची, म्हणजे दोन नंबरच्या बर्नरचं, आणि मी आणला होता एक नंबर. दोन नंबरला वात एक इंच रुंद आणि ज्योतीभोवतीच्या उभ्या काचेचं बूड तीन इंची लागतं. हे आधी कळतं तर तीन चकरा वाचत्या. कडंही डुगडुगत होतं. त्याला धरून ठेवणारं जुनं प्लास्टर टोकरून काढलं, नवं प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं आणि रात्रभर हात लावला नाही.

पहिली काच मीच फोडली. पेटवल्या पेटवल्या वात वर केली, त्यात डोक्यावर पंखा. टण्णकन् गेली.

दुसऱ्या वेळी आजी खुर्ची ओढून बसली. रॉकेल मिळालं नव्हतं, पॅराफिनचं तेल आणलेलं. “याला वासच नाही, हे कसलं गं तेल?” तिने वातीचे दोन्ही कोपरे कातरायला लावले, नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात. वात तेलात मुरू दिली. पंखा बंद. आधी बारीक ज्योत, काच तापू दे, मग हळूहळू वर.

भिंतीवर चांदण्या उमटल्या. मला राहवेना, मी वात वर करायची चकती अजून फिरवली.

“काजळी धरेल,” म्हणत आजीने ज्योत अर्ध्यावर आणली आणि त्याच उजेडात पेपर उघडला.