तो नक्की करतो काय?

आमच्या मुलाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. गणपतीला जेवणाच्या रांगेत विचारलंत, कुणाच्या मुंजीत विचारलंत, पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर तर येता-जाता विचारता. शब्द बदलतात, प्रश्न तोच. बेसबॉल सुटलं ते सुटलं, पण आता पंचविशीला टेकलेला मुलगा पोराटोरांबरोबर कॉलेजात बसून अमेरिकन फुटबॉलच्या टीमकडे ‘मला घ्या’ म्हणून खेटे घालतो, हे काय आहे? आणि तुम्ही दोघं बघत कसे बसता?

पैशाचं आधी सांगून टाकते, निम्म्यांना तेवढंच हवं असतं. वॉक-ऑन म्हणजे कॉलेजने बोलावलेलं नाही, स्कॉलरशिप नाही. आपल्या पायांनी जाऊन चाचणी द्यायची, घेतलं तर इतरांएवढाच घाम गाळायचा आणि फी मात्र आपली आपण भरायची. ती फी आम्ही भरत नाही. २०१९ मध्ये त्याने बेसबॉलचा करार केला तेव्हा कॉलेजच्या खर्चाची रक्कम त्यात लिहून घेतली होती. खेळ सुटल्यापासून दोन वर्षांत वर्ग सुरू करायचे, एवढी अट. ते कलम हवंच म्हणून मी हटून बसले होते आणि एजंट माझ्याकडे बघून हसला होता. असो.

नियमांचं म्हणाल तर एका खेळात पैसे घेतलेल्या मुलाला दुसऱ्या खेळात कॉलेजकडून उतरता येतं. कॉलेजकडून खेळायला पाच वर्षांची मुदत असते; ते घड्याळ सुरू होतं ते पूर्ण वेळ कॉलेजात नाव घातल्यावर, शाळा संपल्यावर नाही. क्रिस विंकी ब्लू जेज या बेसबॉल टीमच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या शिकाऊ संघांत, सहा हंगाम काढून फ्लोरिडा स्टेटला गेला आणि २००० सालची हाइझमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची, त्याने अठ्ठाविसाव्या वर्षी घेतली. तेव्हा ‘वय गेलं’ हा मुद्दा माझ्यापुढे मांडू नका. मात्र विंकी क्वार्टरबॅक होता, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा, चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, आणि आमच्या घरात त्याचं नाव काढायला मीच बंदी घातली आहे.

आमचा क्वार्टरबॅक नाही. आमचा लाँग स्नॅपर. इथे तुमचा चेहरा बघण्यासारखा होतो. पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी चौथ्यात चेंडू पायाने लांब मारायचा असतो तेव्हा मधोमध ओणवा उभा राहून, स्वतःच्या दोन पायांमधून, मागे पंधरा यार्डांवर उभ्या असलेल्या पंटरच्या हातात तो चेंडू पोचवणारा माणूस. पंचेचाळीस फूट, पाऊण सेकंद, बघायचं ते उलटं. सामन्यात पाच-सात वेळा. बाकी वेळ बाकावर. शाळेत नववी-दहावीला तो हेच करायचा, कारण कोचने विचारलं ‘कॅचर कोण आहे?’ आणि याने हात वर केला. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे गुडघ्यात वाकून तासन्‌तास बसायची सवय कॅचरलाच असते.

‘डोक्याला मार बसेल’ हे मला सांगायची गरज नाही. पाच वर्षं तो मायनर लीगमध्ये कॅचर होता. बॅटची कड लागून सुटलेला चेंडू मास्कवर आदळल्याचा आवाज मी स्टँडमधून ऐकला आहे. स्नॅपरबद्दल कॉलेज फुटबॉलच्या नियमात एक ओळ आहे: चेंडू सोडल्यावर एक सेकंद होईपर्यंत त्याच्या अंगावर कुणी जायचं नाही. आईच्या समाधानासाठी एवढाच एक सेकंद आहे. तो मी पाठ करून ठेवलाय.

आता जे तुम्ही तोंडावर विचारत नाही त्याबद्दल. जमलं नाही म्हणून परत आला का?

बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवी मुलं निवडतात तिथे, एकतिसाव्या फेरीत घेतलं होतं त्याला. तेव्हा ड्राफ्टच्या ४० फेऱ्या असत. पुढच्या वर्षी कोविडमध्ये ५ झाल्या, २०२१ पासून २० आहेत. तो ज्या दारातून आत गेला ते दार आता भिंतीत चिणलेलं आहे. २०२० चा मायनर लीगचा हंगाम झालाच नाही; ३० जूनला तसं जाहीर झालं आणि एकोणीस वर्षांचा कॅचर आमच्या गॅरेजच्या दारावर टेनिसचे चेंडू आपटत बसला. २०२१ मध्ये मेजर लीगशी जोडलेल्या टीम १६० वरून १२० वर आणल्या. सुरुवातीला पगार आठवड्याला २९० डॉलर, तोही हंगामापुरता. एका फ्लॅटमध्ये सहाजण, हवा भरायच्या गाद्यांवर. मुलांची युनियन होऊन पहिला करार आला २०२३ मध्ये, तेव्हा त्याच्या पातळीवरचा वर्षाचा पगार २७,३०० डॉलर ठरला. तो त्याला एकच वर्ष मिळाला.

हे सगळं मी तावातावाने सांगते आणि घरी येऊन मला आठवतं की त्याची फलंदाजीची सरासरी .२१८ होती, म्हणजे कमीच. हात चांगला होता. दुसऱ्या बेसवरचा फेक, सव्वाशे फुटांच्या वर, दोन सेकंदांच्या आत. पण शाळेत ॲल्युमिनियमची बॅट असते आणि व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडाची, आणि लाकूड काही माफ करत नाही. टीम कमी झाल्या नसत्या तर .२१८ वाल्याला अजून दोन वर्षं ठेवलं असतं का? मला वाटतं, ठेवलं असतं. नवऱ्याला वाटतं, नसतं. यावर आमचं एकमत होईल असं दिसत नाही.

मार्च २०२४ मध्ये, स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे हंगामाआधीचा सराव, संपता संपता, सकाळी कुणीतरी खांद्याला हात लावून ‘ऑफिसात ये’ म्हणालं. म्हणजे काढलं. अ‍ॅरिझोनाहून डॅलसपर्यंत एकटा गाडी चालवत आला. त्यानंतरचे महिने तुम्ही पाहिलेले नाहीत, कारण आम्ही कुणाला घरी बोलावतच नव्हतो. दुपारी बारा-साडेबाराला उठायचा. जेवण खोलीत. त्याला नोकरी बघ म्हटलं, कोचिंग कर म्हटलं, कॉलेजचं कलम दाखवलं. ‘बघतो.’ मग एका रात्री ताक घुसळत होते तर मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आई, मला रोज सकाळी कुठेतरी वेळेवर पोचायचंय. उशीर झाला तर कुणीतरी ओरडायला हवं.”

मी म्हटलं, मी ओरडते की. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कपाटातून जुना फुटबॉल काढला. संध्याकाळी ऑफिसातून आलेला बाप परसात पंधरा यार्डांवर उभा राहून ते झेलायचा, मी बाजूला फोनवर सेकंद मोजायचे. नवऱ्याची करंगळी त्यातच मोडली. अजून सरळ होत नाही. तेव्हा ‘बघत कसे बसता’ असं निदान त्याला तरी विचारू नका.

चाचणी २०२५ च्या फेब्रुवारीत होती. कॉलेजचं नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. त्याआधी कागदपत्रं: डॉक्टरची तपासणी, विमा, सिकल सेलचा रिपोर्ट. जन्मल्यावर टाचेतून रक्त घेतात त्या तपासणीचा निकाल चालतो म्हणाले, तो मी जुन्या फाइलींतून शोधून दिला. चाचणीच्या दिवशी मी ऑफिसात तब्येत बरी नाही असं कळवलं, पहाटे अडीचला निघाले आणि सहाच्या आधी तिथे पोचले. हे त्याला अजून माहीत नाही. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

आत कुणाला सोडत नाहीत. पण सरावाच्या मैदानाला लागून बहुमजली पार्किंग आहे. चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून अर्धं मैदान दिसतं. थंडी, दिवे अजून चालू. खाली करडे टी-शर्ट आणि चड्ड्या घातलेली मुलं, छातीवर चिकटपट्टीवर लिहिलेले आकडे. सगळी अठरा-एकोणीसची. आमचा दाढीवाला त्यांच्यात कोचसारखा दिसत होता, आणि एका मुलाने खरंच जवळ जाऊन त्याला काहीतरी विचारलं. याने मान हलवून आपल्या छातीवरचा आकडा दाखवला.

आधी धावणं झालं. चाळीस यार्डांत तो शेवटून तिसरा किंवा चौथा आला असेल. कॅचरचे गुडघे. मग किक मारणारे आणि स्नॅप करणारे बाजूला काढले. एक विद्यार्थी मॅनेजर झेलायला उभा, त्याच्या शेजारी स्टॉपवॉच घेतलेला असिस्टंट कोच. आमच्या आधीच्या मुलाचे चेंडू गोल फिरत छातीवर जात होते. मग हा वाकला.

पहिलाच चेंडू मॅनेजरच्या डोक्यावरून गेला, टप्पे खात थेट जाळीच्या कुंपणापर्यंत. तिथवर ठीक होतं, सगळ्यांचाच एखादा जातो. पण हा उठून त्याच्या मागे पळत सुटला. जीव खाऊन पळाला, वाकून चेंडू उचलला आणि वळून फेकायच्या पवित्र्यात उभा राहिला. बेसबॉलमध्ये कॅचरच्या हातून सुटलेला चेंडू कॅचरनेच धावून आणायचा असतो, नाहीतर तेवढ्यात समोरचे पळून घेतात. फुटबॉलच्या चाचणीत स्नॅपर कुठे पळत नाही, तो जागेवर थांबून पुढचा चेंडू मागतो. कुंपणापाशी चेंडू कानामागे घेऊन तो उभा, आणि फेकायला समोर कुणी नाही. मग हसणं सुरू झालं. आवाज वर ऐकू येत नव्हता, पण मुलं एकमेकांना कोपरं मारताना दिसत होती.

मी कठडा सोडून गाडीत जाऊन बसणार होते. तेवढ्यात सिक्युरिटीचा माणूस आला. परमिट आहे का, नसेल तर या मजल्यावर थांबता येणार नाही. मी म्हटलं, खाली माझा मुलगा आहे. त्याने कठड्यावरून पाहिलं, “कुठला?” मी म्हटलं, कुंपणापाशी आहे तो. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मॅम, मी वरचे मजले बघून येतो, मला वीस मिनिटं लागतील.”

त्या वीस मिनिटांत याने पुढचे सगळे चेंडू जिथे जायला हवेत तिथे धाडले. मॅनेजरला हात फारसे हलवावे लागत नव्हते. स्टॉपवॉचवाल्याने दुसऱ्या कोचला हाक मारली, दोघं उभे राहून बघत होते. एकदा त्यांनी चेंडूला पाणी लावून दिला. तोही नीट गेला. मी परत येताना वाटेत दोनदा गाडी थांबवली, रडण्यासाठी नव्हे, झोप येत होती म्हणून. संध्याकाळी त्याचा फोन आला: यादीत नाव आहे. चेंडूमागे पळाल्याचं त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढचं तुम्हाला अर्धवट माहीत आहे. ६ जून २०२५ ला कॉलेजच्या खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा देणारी तडजोड कोर्टाने मंजूर केली. एवढी वर्षं कॉलेजांनी मुलांच्या जिवावर कमावलं, त्यांना वाटा मिळायलाच हवा होता. मी त्या बाजूची आहे. पण त्याच कागदात फुटबॉलच्या टीमला १०५ ची मर्यादा आली. आधी स्कॉलरशिप ८५ जणांना, आणि वर वॉक-ऑन कितीही ठेवा, १२० म्हणा, १३० म्हणा. आता पहिल्या सामन्यापर्यंत १०५. ज्यांना दमडी द्यावी लागत नव्हती त्यांचीच नावं आधी कापली गेली. कापलेल्यांना मर्यादेबाहेर परत घेता येईल अशी सवलत न्यायाधीशांनी आग्रह धरून घालून घेतली, पण घ्यायचंच असं बंधन कॉलेजवर नाही. त्याला ऑगस्टमध्ये कळवलं. एक स्नॅपर स्कॉलरशिपवर आहे, दुसरा वर्षाने लहान पण दोन वर्षं तिथलाच आहे, तिसरा परवडत नाही.

म्हणजे दोन्ही खेळांत हा पोचेपर्यंत शेवटची पायरी काढून घेतलेली. हे मी मंडळात एकदा बोलले तर एक काका म्हणाले, “वहिनी, जो खरंच चांगला असतो त्याला शेवटच्या पायरीची गरज पडत नाही.” मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं, पण तेही मला नीट पटलेलं नाही: चांगले कोण ते पायरीवर उभं राहिल्याशिवाय कळतं का? ते चेंडूला पाणी लावून बघणारे दोन कोच तरी काय शोधत होते?

२०१९ ची मी निराळी होते. करारावर सही झाली त्या रात्री याच लोकांना मी छातीठोकपणे सांगत होते की चार वर्षं खेळेल, हौस फिटेल, मग कॉलेज, मग सगळं मार्गी. त्या बाईला आज विचारलं तर ती म्हणेल, बघा, आहे की कॉलेजात. अकाउंटिंग करतोय, ग्रेड बरे आहेत. तिचं म्हणणं खोटं नाही, तरी मला ती आवडेनाशी झाली आहे. हौस फिटेल म्हणाली होती ना?

यंदाच्या चाचणीला त्याने परत नाव दिलंय. दोन स्नॅपरपैकी मोठा यंदा पदवीधर होतोय, म्हणजे जागा एक आहे. नवरा परत परसात उभा राहतो, आता जाड ग्लोव्ह घालून. मी वेळ मोजते आणि खरा आकडा सांगते, कमी करून सांगत नाही. घेतलं तर बरं होईल, असं मला सकाळी वाटतं. संध्याकाळी वाटतं, नको घेऊ देत, एकदाचं संपू दे. तेव्हा पुढच्या वेळी त्याच्याबद्दल विचारायचं असेल तर सकाळी फोन करा.